उद्या भाव कोण बदलणार?

भांड्यांच्या दुकानात बसून साइटची बोलणी करणं मोठं कसोटीचं काम. तुम्ही 'होस्टिंग' म्हणायला आणि नोकराच्या हातून परात फरशीवर पडायला एकच गाठ पडते. मग तोच शब्द पुन्हा, मोठ्यानं म्हणायचा. २०११ च्या लग्नसराईत देगलूरच्या बाजारात अशाच एका दुकानात मी गादीच्या कडेला टेकलो होतो. मालकांनी साठी ओलांडलेली. सगळा बाजार त्यांना अप्पा म्हणतो, मीही म्हणतो. मी अर्धा तास बोललो. चहा आला. अप्पांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि दोनच प्रश्न विचारले.

"महिन्याला काही द्यावं लागतं का?"

"नाही अप्पा. वर्षाला एकदा."

"आन् उद्या पितळेचा भाव बदलला तर तिथला कोण बदलणार?"

"मी आहे की," म्हणालो आणि बिस्कीट उचललं. पहिलं उत्तर खरं होतं. दुसरं महागात पडलं, त्यांनाही आणि मलाही.

माझं मूळ काम डीटीपीचं. २००३ साली एमएस-सीआयटी केलं, नोकरीला लागतं म्हणून. नोकरी लागली नाही, पण माउस हातात राहिला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर, दहावीच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिकांचे प्रिंट, असं करत दुकान उभं राहिलं. देगलूर म्हटलं की जुन्या माणसांना वारकरी संप्रदायातले धुंडा महाराज आठवतात. आम्हाला आठवतं ते तीन राज्यांचं गिऱ्हाईक. मदनूर, जुक्कल तेलंगणात, औराद कर्नाटकात. बाजाराला सगळे इकडं येतात. माझ्या दुकानात एकाच दिवशी मराठीत पत्रिका, तेलुगूत बॅनर आणि कन्नडमध्ये जत्रेचं पत्रक असायचं. साइट बनवायला लागलो ते 'पत्रिका छापता, तर नेटवर पण टाका की' असं एकानं म्हटलं म्हणून. त्यात कसली दूरदृष्टी नव्हती.

सुरुवातीच्या दोन-तीन साइट हातानं बांधल्या. एक-एक पान लिहायचं आणि सर्व्हरवर चढवायचं. फोन नंबरातला एक आकडा बदलायचा तर सगळी पानं उघडा. मग कळलं, यासाठी तयार सॉफ्टवेअर असतं. त्याला सीएमएस म्हणतात. छापखान्यात काम केलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही: पावतीपुस्तकाची चौकट एकदा जुळवायची, मजकूर दर गिऱ्हाइकाला वेगळा भरायचा. साइटचं दिसणं एकीकडं, मजकूर दुसरीकडं. ज्याच्याकडं पासवर्ड आहे त्यानं आत जायचं, लिहायचं, बटण दाबायचं. सरकारी कारभारातही आता हेच चालतं. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी साइट शेजारी-शेजारी उघडून बघा. एनआयसी या सरकारी संस्थेनं एस-थ्री-वास नावाची एक चौकट करून ठेवली आहे, जिल्ह्यांनी आपापला मजकूर भरला आहे.

अप्पांची साइट मी जूमलावर केली. या नावाची एक गंमत आहे. मॅम्बो नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून फुटून २००५ साली काही मंडळी बाहेर पडली, त्यांनी स्वाहिली भाषेतला 'जुमला' हा शब्द घेतला. अर्थ, सगळे मिळून. स्वाहिलीत तो अरबीतून गेलेला, आणि आमच्याकडंही तिथूनच आलेला. देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या हिशेबांत शेवटच्या ओळीला 'जुमला' लिहून बेरीज मांडलेली आहे. आता त्या शब्दाला निवडणुकीचा वास लागलाय, तो भाग वेगळा.

जूमला वाईट नव्हतं. पण ते माझ्यासारख्याच्या डोक्याला साजेसं होतं, अप्पांच्या दुकानाला नव्हे. भाव एका ओळीचा. तो बदलायला आधी आर्टिकल शोधा, मग ते कुठल्या कॅटेगरीत आहे ते बघा, पहिल्या पानावर दिसत नसेल तर मॉड्यूल तपासा. अप्पांच्या पुतण्याला मी दोनदा शिकवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुम्हीच करा भाऊ, पन्नास रुपये घ्या." ठरलं. बदलाला पन्नास.

भांडी बाजारातलं गिऱ्हाईक नव्या भांड्याच्या भावापेक्षा मोडीचा भाव जास्त विचारतं. घरातली फुटकी घागर, चेपलेला हंडा आणायचा, त्याची मोड वजनावर घालायची आणि वरचे पैसे देऊन नवं न्यायचं. मोडीचा भाव हैदराबादेतून फोनवर येतो, कधी दिवसातून दोनदा हलतो. सकाळी दहाला अप्पांचा फोन: "पितळेची मोड दहानं उतरव." सकाळी दहाला आमच्या भागात भारनियमन. दुपारी चारला लाइट येणार, पाचला मी बसणार, तोवर पत्रिकेचं गिऱ्हाईक दारात.

२०१३ च्या उन्हाळ्यात एक दिवस मदनूरकडचा एक माणूस पोतंभर पितळ घेऊन आला. पोराच्या मोबाइलवर भाव बघून आला होता. तो भाव दोन दिवसांपूर्वीचा होता आणि दुकानातल्या पाटीवरचा किलोला पंधरा रुपयांनी कमी. माणूस भांडला नाही. नुसता मोबाइल पुढं धरून उभा राहिला. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "आपण लिवलंय ना? मग द्यायचं." नेटवरच्या भावानं मोड घेतली. संध्याकाळी त्यांचा नोकर माझ्याकडं आला. पैशाचं एक अक्षर नाही, निरोप एवढाच: "ते भावाचं पान काढून टाका म्हणालेत."

पान काढलं. उरलं काय? दुकानाचा फोटो, अप्पांचा फोटो, आणि मी लिहिलेलं 'गुणवत्ता व विश्वासार्हतेची अखंड परंपरा'. ही अशी साइट म्हणजे बंद दुकानाची पाटी. तशा पाट्या मी गावात सात-आठ लावल्या होत्या.

त्यानंतर वर्डप्रेसकडं वळलो. हेसुद्धा २००३ चंच. मी एमएस-सीआयटीची परीक्षा देत होतो त्या वर्षी, २७ मेला, ह्यूस्टनमधला एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी बी-टू नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर पुढं वाढवून वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर काढली. फुकट, नुसतं वापरायलाच नाही, तर बदलायला आणि पुढं वाटायलाही. आज जगातल्या दर पाच साइटपैकी दोनाहून जास्त त्यावर चालतात. मला मात्र त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटली: आत गेल्यावर 'लिहा' आणि 'प्रकाशित करा' हे लगेच सापडतं, आणि ते मराठीत दिसतं.

'फुकट' या शब्दाबद्दल इथंच बोलून घेतो, कारण गिऱ्हाईक पहिलं तेच ऐकतं. सॉफ्टवेअर फुकट, पण ते ठेवायला जागा लागते आणि नाव लागतं. शेवटी .इन असलेलं नाव वर्षाला सहाशे-सातशे रुपये. जागा, म्हणजे होस्टिंग, वर्षाला अडीच-तीन हजार. पहिल्या वर्षी जाहिरातीतला भाव बघून उडी मारली की दुसऱ्या वर्षी बिल दुप्पट-तिप्पट येतं आणि वर अठरा टक्के जीएसटी. पत्त्यापुढचं कुलूप पूर्वी विकत घ्यावं लागायचं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळं २०१५-१६ पासून ते फुकट झालं. २०१८ च्या जुलैत क्रोमनं कुलूप नसलेल्या साइटवर 'नॉट सिक्युअर' दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तीन गिऱ्हाइकांचे फोन आले की दुकानात चोरी झाली का.

सगळं मिळून वर्षाला तीन-चार हजारांत भागतं. परवडणारं आहे. पण आमच्याकडं किती द्यायचे यापेक्षा कधी द्यायचे हा प्रश्न मोठा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तयार साइट भाड्यानं देणाऱ्या कंपन्या दर महिन्याला काही शे रुपये मागतात. रक्कम छोटी. पण मराठवाड्यातल्या दुकानदाराचा पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन आल्यावर येतो. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि गल्ल्यात मात्र सगळ्या उधारीच्या चिठ्ठ्या. त्याच महिन्यात नूतनीकरणाचं बिल आलं की तो म्हणतो, राहू द्या यंदा. दोन साइट माझ्या डोळ्यांदेखत अशा जूनमध्ये गेल्या. तेव्हापासून मी नवं नाव नोंदवायचं ते दिवाळीनंतरच. कुणी एप्रिलमध्ये आला तरी सांगतो, नोव्हेंबरपर्यंत थांबा. पंधरा वर्षांच्या धंद्यात मला सुचलेली ही एकमेव स्वतःची युक्ती.

मजकुराची रड वेगळीच. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह द्यायचं: "ह्यात सगळं टाइप केलेलं हाय." असायचंही, पण श्री-लिपीत. छपाईसाठी आम्ही सगळे वर्षानुवर्षं तेच वापरत आलो. ते उचलून साइटवर चिकटवलं की परात, तांब्या, कळशी या शब्दांच्या जागी जर्मन माणसाला उचकी लागावी अशी अक्षरं. युनिकोडमध्ये बदलून घेणारी साधनं मिळाली तरी रफार आणि अर्धा र हमखास मोडायचे. मी रात्र-रात्र बसून 'दुकानदाऱ्या' हा शब्द दुरुस्त केला आहे. आणि बऱ्याच फुकट टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. गिऱ्हाइकाला ते सांगता येत नाही, पण 'हे आपलं वाटंना' एवढं तो नक्की म्हणतो. 'एक टाइप' या संस्थेनं केलेला 'मुक्त' हा टंक हाती आल्यावर ती कटकट बरीच मिटली.

अप्पांच्या घरी २०१५ साली सून आली. माहेर उदगीर, डी.एड. झालेली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, दिवाळीपर्यंत दुकानात सगळ्यांच्या हातात मोबाइल. एक दिवस तिनंच फोन केला. "दादा, आमची साइट आहे म्हणे. मला काही दिसंना त्यात." मी जुनं सगळं काढून वर्डप्रेसवर नवी मांडली आणि तिच्या मोबाइलमध्ये त्याचं अ‍ॅप टाकून दिलं. वर्डप्रेसमध्ये माणसांना पायऱ्या असतात: प्रशासक, संपादक, लेखक, अशा. प्रशासक सगळं मोडू शकतो, म्हणून तिला 'संपादक' केलं. अप्पांनी विचारलं, संपादक म्हणजे पेपरचा असतो तो का? हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी पसरली की अप्पांची सून संपादक झाली.

शिकवायला वीस मिनिटं लागली. मी वही नेली होती, तिनं ती उघडलीही नाही. ती मोबाइलमध्ये बोलायची आणि अक्षरं उमटायची; चुकलेलं बोटानं नीट करायची. 'आजची मोड' नावाचं एकच पान ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी साडेदहाच्या आत भाव बदललेला. दुसऱ्या आठवड्यात माझी 'अखंड परंपरा' गायब. त्या जागी तिनं लिहिलं होतं:

'आंदणाच्या भांड्यावर नाव घालून मिळेल. नावाचे पैसे नाहीत. नाव कागदावर लिहून द्या आणि घरी दोनदा विचारून या. एकदा कोरल्यावर पुसता येत नाही.'

मी हे वाचलं आणि गप्प बसलो. इतकी वर्षं मी लोकांच्या साइटसाठी मजकूर लिहीत होतो. त्यात एकही वाक्य असं नव्हतं जे फक्त त्या एका दुकानाचं आहे. औरादहून एक बाई फोन करून विचारत होत्या, नाव कन्नडमध्ये कोरता का? सूनबाईंनी मशीनवरच्या पोराला विचारलं, कागदावर लिहून दिलं तर बघून करतो म्हणाला. तेही साइटवर गेलं.

अडचणी आल्याच. ती मोबाइलमधून फोटो थेट टाकायची, एक-एक फोटो पाच-सहा एमबीचा. पितळी समईचे बारा फोटो टाकले की मदनूरच्या माणसाच्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत समईतलं तेल संपावं. २०१९ च्या नोव्हेंबरातल्या आवृत्तीपासून वर्डप्रेस फार मोठे फोटो आपोआप लहान करून घेतं. त्याआधी ते काम रविवारी मी करायचो, पन्नास रुपये न घेता. २०१८ च्या डिसेंबरात लिहायचा पडदाच पूर्ण बदलला, सगळे ठोकळे-ठोकळे. तिनं फोन केला: "दादा, कुणी सामान हलवलं का?" जुना पडदा परत आणणारं प्लगइन टाकून दिलं. वर्षभरानं तिनंच ते काढायला लावलं. ठोकळे बरे आहेत म्हणाली.

आता माझ्या चुकीकडं येतो.

२०१८ मध्येच एका कृषी सेवा केंद्राची साइट केली. मालकाला एक महागडी थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, आवडली होती, किंमत तीन-साडेतीन हजार. मी 'बघतो' म्हणालो आणि एका भलत्याच ठिकाणाहून तीच थीम फुकट उतरवून घेतली. चोरीची. आमच्या धंद्यात तिला नल्ड म्हणतात. साइट देखणी झाली, मी मजुरीही चांगली घेतली. दोन महिन्यांनी, ऐन पेरणीत, मालकाचा पोरगा मोबाइल घेऊन आला. गूगलवर दुकानाचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरांत भलतंच काही येत होतं. मालकही मागोमाग आले. "आपण जपानला बी बियाणं विकलालाव का रे?" लोक हसले, मीही हसलो, पण पोटात गोळा आला होता.

थीमच्या एका फाइलमध्ये कुणीतरी आधीच चार ओळी पेरून ठेवलेल्या होत्या. त्या ओळी गुपचूप हजारो पानं तयार करत होत्या, बनावट मालाच्या जाहिरातींची, आणि ती फक्त गूगलला दिसत होती. बॅकअप घेतलेला नव्हता. तीन दिवस दुकान बंद ठेवून सगळं पुसलं, कोरं वर्डप्रेस चढवलं, मजकूर एक-एक करून परत भरला. गूगलमधली जपानी अक्षरं जायला आणखी दीड महिना गेला. मालकांना मी खरं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे लॉट नंबर नसलेली थैली." मी म्हणालो, तेच. "मग आम्ही शेतकऱ्याला काय सांगतो? पावती घ्या, लेबल बघा, थैली उगवेपर्यंत जपून ठेवा." त्यांनी तेवढंच सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला युरियाचा भाव सांगायला लागले. त्या दिवसापासून मी वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीतल्याच थीम घेतो, प्लगइन चार-पाचाच्या वर जाऊ देत नाही, आणि दर आठवड्याचा बॅकअप मालकाच्याच ड्राइव्हमध्ये पडेल असं लावून देतो. थैली जपून ठेवल्यासारखा.

नावाची कहाणीही सांगण्यासारखी आहे. २०१४ च्या ऑगस्टात देवनागरीत .भारत मिळायला लागलं. मला भरून आलं. एका साडीच्या दुकानाला मी हट्टानं देवनागरी नाव घ्यायला लावलं, पुढं 'देगलूर' जोडून. तेव्हा कळलं, आमच्या गावात आमच्याच गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात. निम्मे लोक लू दीर्घ काढतात, निम्मे ऱ्हस्व. ऱ्हस्व लिहिलं की साइट उघडत नाही. रोमनमध्येही तेच, कुणी यू लिहितं, कुणी डबल ओ. शिवाय ते नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की पुढच्याला एक्स एन आणि दोन रेघांनी सुरू होणारी अगम्य ओळ दिसायची. लोकांना वाटायचं व्हायरस आहे. वर्षभरानं साधं .इन नाव घेतलं, गावाचं नाव वगळून. देवनागरीवरचं माझं प्रेम आटलं नाही, पण ते दुसऱ्याच्या दुकानाच्या पैशावर करू नये.

सगळ्यांत वाईट फसगत झाली ती एका लॉजची. हा लॉज नांदेड-हैदराबाद रस्त्याला लागून आहे. साइट माझ्याच दुकानात शिकलेल्या एका पोरानं केली होती, स्वतःच्या ईमेलवर नाव नोंदवून. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला. मालकांनी फोन नंबर बदलला. साइटवर जुनाच. मी आत जायला बघितलं तर पासवर्ड त्या पोराकडं, पोराचा नंबर बंद, ईमेल कुणाला आठवेना. ७ नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रा तेलंगणातून महाराष्ट्रात शिरली ती देगलूरलाच. आठवडाभर आधीपासून गावात खोली मिळेना. मुंबई-पुण्याचे पत्रकार नेटवर लॉज शोधत होते. त्यांनी लावलेले सगळे फोन वाजले ते भलत्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याकडं, कारण तो बंद पडलेला नंबर कंपनीनं त्याला दिला होता. त्यानं शेवटी वैतागून एकाला सांगितलं म्हणे, "साहेब, खोली नाही, गोठा आहे, येता का?" लॉजच्या खोल्या त्या आठवड्यात तशाही भरल्याच, पण मालक अजून मला तो शेतकरी आठवून टोमणा मारतात.

शेताचं सांगावं तर, पेरतो कोण आणि पीक कुणाचं यापेक्षा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघतात. साइटच्या नावाचंही तेच. मी त्यानंतर सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदणी तपासल्या. अकरांपैकी सात माझ्या ईमेलवर होत्या. वाईट हेतू नव्हता, आळस होता. पण उद्या मला काही झालं असतं तर सात दुकानांची नावं माझ्याबरोबर गेली असती. दोन महिन्यांत सातही मालकांच्या नावावर करून दिल्या. दोघांनी विचारलं, "का, धंदा सोडलालास का?"

सगळ्यांना साइट लागते असं मी आता म्हणत नाही. पानटपरी, केशकर्तनालय, भाजीवाला यांना मी सरळ सांगतो, गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाचे फोटो टाका, झालं. पण ज्याला मोडीच्या भावासारखं रोज काहीतरी सांगायचं आहे, त्यानं ते दुसऱ्याच्या फुकट जागेवर मांडताना विचार करावा. याहू कंपनीनं २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट साइटची सोय बंद केली तेव्हा लाखो लोकांची घरं एका दिवसात गेली. आमच्याकडंही असंच झालं: एका मंगल कार्यालयाची साइट गूगलकडून फुकटात मिळालेली होती, ती सोयच २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. पत्ता मात्र त्यांनी कमानीवर ऑइल पेंटनं रंगवून घेतला होता. अजून आहे.

अप्पा आता थकलेत, गादीवर बसतात पण तराजू नातवाकडं आहे. परवा समई घ्यायला गेलो होतो. गल्ल्यामागं कालनिर्णय टांगलेलं, त्यात पुढच्या नोव्हेंबरच्या पानाला आधीच घडी घातलेली. बघितलं तर दुधाच्या हिशेबाशेजारी बॉलपेननं लिहिलेलं: 'साइटचे नाव भरणे, ७००.' नोंदणी सूनबाईंच्या नावावर आहे, पासवर्डही त्यांचाच. गेल्या अडीच वर्षांत मी त्या साइटमध्ये एकदाही लॉगिन केलेलं नाही.